नऊ वर्षे रुग्णसेवा केल्यावर डॉक्टरेट: एका भौतिकोपचारतज्ज्ञांच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. पदव्युत्तर पदवी घेऊन नऊ वर्षे पक्षाघाताच्या रुग्णांच्या पुनर्वसनात काम केलेल्या एका भौतिकोपचारतज्ज्ञांना (फिजिओथेरपिस्टना) आता डॉक्टरेट करावीशी वाटते आहे. कोणती डॉक्टरेट घ्यावी, रुग्ण पाहणे चालू ठेवून ती पूर्ण होऊ शकते का, आणि ती झाल्यावर आपण अधिक चांगल्या थेरपिस्ट होऊ का, असे त्यांनी विचारले आहे. मी स्वतः अकरा वर्षांच्या रुग्णसेवेनंतर अर्धवेळ पीएचडी केली, तिला सहा वर्षांहून थोडा अधिक काळ लागला, आणि त्यानंतर माझ्याकडे काही विद्यार्थ्यांनी प्रबंध लिहिले. त्या अनुभवावरून उत्तर देते.

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचे दोन त्यावर अवलंबून आहेत. पदवीनंतर पदव्युत्तर आणि त्यानंतर पीएचडी या एकाच जिन्याच्या एकापाठोपाठच्या पायऱ्या आहेत, अशी समजूत आपल्या व्यवसायात फार पक्की आहे, आणि तिच्यामुळे अनेक चांगले थेरपिस्ट चुकीच्या अपेक्षेने नाव नोंदवतात. पीएचडीत हात अधिक कुशल होत नाहीत. उलट रुग्णांची संख्या कमी झाल्याने काही बारकावे तात्पुरते बोथट होतात, हे मी स्वतःच्या हातांवर अनुभवले आहे. पीएचडी शिकवते ते एवढेच, की ज्या प्रश्नाचे उत्तर अजून कोणालाही माहीत नाही तो नीट कसा मांडावा, त्याचे उत्तर मिळेल अशी रचना कशी करावी, आणि आलेले उत्तर आपल्या आवडीचे नसले तरी ते प्रामाणिकपणे कसे लिहावे. आपल्याला केवळ अधिक चांगले उपचार करायचे असतील, तर एखादे विशेष प्रशिक्षण आणि अनुभवी सहकाऱ्याच्या हाताखालची दोन वर्षे अधिक उपयोगी पडतील, आणि खर्चही पुष्कळ कमी येईल.

आता नावांचा घोळ. अमेरिकेत भौतिकोपचाराच्या व्यवसायात प्रवेश करण्याची पदवीच 'डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी' म्हणजे डीपीटी आहे. क्रेटन विद्यापीठाने १९९३ मध्ये प्रवेशाच्या पातळीवरचा असा पहिला अभ्यासक्रम सुरू केला, आणि २०१६ पासून तेथील मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांना हीच पदवी देणे बंधनकारक झाले. साधारण तीन वर्षांच्या या अभ्यासक्रमात शरीररचना, निदान, उपचार आणि प्रत्यक्ष रुग्णालयीन काम असते. स्वतंत्र संशोधनाचा मोठा प्रबंध नसतो. म्हणून डीपीटी घेतलेली व्यक्ती डॉक्टरेटधारक असली, तरी तिला संशोधक म्हणून घडवलेले असतेच असे नाही, आणि पीएचडी घेतलेल्या व्यक्तीला तेवढ्यावर त्या देशात रुग्ण तपासण्याचा परवाना मिळत नाही. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात याशिवाय व्यावसायिक डॉक्टरेटचा तिसरा प्रकारही आहे. त्यात सुरुवातीला शिकवला जाणारा भाग आणि नंतर स्वतःच्या कामाच्या ठिकाणच्या प्रश्नावर आटोपशीर प्रबंध, अशी रचना साधारणपणे असते. आपल्याला सेवेतच राहून विभागप्रमुख व्हायचे असेल तर या तिसऱ्या प्रकाराकडे जरूर पाहावे. विद्यापीठात शिकवायचे, संशोधनासाठी निधी मिळवायचा, पुढे स्वतःचा गट उभा करायचा असेल, तर पीएचडीला पर्याय नाही. यापुढचे सगळे पीएचडी गृहीत धरून लिहिते.

बहुतेक थेरपिस्टांची पीएचडी रखडते ती प्रश्नापाशी. आपल्याजवळ विषय भरपूर असतात, पण प्रश्न नसतो. मीही पहिल्या भेटीत मार्गदर्शकांना सांगितले होते की 'पक्षाघातानंतर तोल सुधारण्यासाठी कोणता व्यायाम चांगला' यावर मला काम करायचे आहे. त्यांनी शांतपणे विचारले, की तोल म्हणजे काय, तो कशाने मोजणार, कोणत्या रुग्णात, पक्षाघातानंतर किती दिवसांनी, आणि चांगला म्हणजे कशापेक्षा चांगला. यातल्या एकाही प्रश्नाला माझ्याकडे नेमके उत्तर नव्हते. पुढचे आठ महिने वाचनात गेल्यावर लक्षात आले, की मला खटकणारी गोष्ट व्यायामाची नव्हतीच. ती मोजमापाची होती. तोल मोजण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या बर्ग बॅलन्स स्केलमध्ये १४ कृती असतात, प्रत्येकीला ० ते ४ गुण, एकूण ५६. माझे काही रुग्ण घरी जाताना ५३-५४ गुण मिळवत आणि तरीही दोन महिन्यांत पडून परत येत. चांगले चालू लागलेल्या रुग्णांचे गुण या मापनात वरच्या टोकाला गोळा होतात आणि त्यांच्यातला फरक दिसेनासा होतो, ही त्या मापनाची ज्ञात मर्यादा आहे. मग माझा प्रश्न असा झाला: ज्यांचे गुण वरच्या टोकाला आहेत अशा रुग्णांमध्ये, चालता चालता मोठ्याने उलटे आकडे मोजायला लावणारी चाचणी पुढच्या सहा महिन्यांतल्या पडण्याचा अंदाज देऊ शकते का? हा प्रश्न पहिल्यापेक्षा किती लहान आहे ते पाहावे. पीएचडीला असाच प्रश्न पेलतो.

प्रश्न लहान केला तरी तो पेलेल का, याचा हिशेब कागदावर करावा लागतो, आणि तो नाव नोंदवण्यापूर्वीच करावा. माझा हिशेब येथे देते, कारण उत्साहापेक्षा तोच अधिक बोलतो. अंदाजासाठी मी सहा घटक धरले होते. एका घटकामागे निदान दहा घटना (येथे पडलेले रुग्ण) हव्यात हा जुना ढोबळ नियम आज अपुरा मानला जातो, पण तो धरला तरी ६० पडलेले रुग्ण हवेत. तिघांतला एक पडेल असे गृहीत धरले तर १८० रुग्ण लागतात. शंभरातले १५ मध्येच सोडून जातील असे मानले तर सुमारे २१२ जणांची भरती करावी लागते. आमच्या विभागात महिन्याला सुमारे १२ नवे रुग्ण येत. निम्मे निकषात बसत नसत, उरलेल्यांतला एकतृतीयांश नकार देई, म्हणजे हाती महिन्याला चार. २१२ भागिले चार म्हणजे ५३ महिने, जवळजवळ साडेचार वर्षे केवळ भरतीत, आणि शेवटच्या रुग्णामागे आणखी सहा महिने थांबायचे ते वेगळेच. हा आकडा पाहिल्यावर आम्ही दुसरे केंद्र जोडले आणि घटक सहावरून चारवर आणले. तरीही रुग्णालयातल्या बदल्यांमुळे एका केंद्रात सात महिने एकही भरती झाली नाही. असे काही ना काही घडतेच, म्हणून मी आता विद्यार्थ्यांना त्यांनी धरलेली भरती निम्मी करून पुन्हा हिशेब मांडायला सांगते.

दोन उपचारांची तुलना करायची असेल तर हिशेब आणखी कठोर होतो. दोन गटांतला फरक मोजमापाच्या प्रमाण विचलनाच्या (रुग्णारुग्णांतल्या गुणांच्या चढउताराच्या मापाच्या) निम्मा आहे असे धरले, तर नेहमीच्या निकषांनी, म्हणजे ५ टक्के सार्थकता पातळी (फरक नसताना तो दिसण्याची शक्यता) आणि ८० टक्के क्षमता (खरा फरक असल्यास तो सापडण्याची शक्यता) धरून, प्रत्येक गटात ६४ रुग्ण लागतात. तोच फरक एकपंचमांश असेल तर प्रत्येक गटात ३९० च्या वर. आपल्या व्यवसायातले प्रबंध अजूनही कित्येकदा प्रत्येकी १५ रुग्णांवर उभे असतात. एवढ्या रुग्णांत खरा फरक निसटतो, आणि जो दिसतो तो बहुधा फुगलेला असतो. अशा प्रबंधाने पदवी मिळते, पण पुढच्या थेरपिस्टला त्याचा काही उपयोग होत नाही. संख्या जमणारच नसेल, तर मोजमापाची विश्वसनीयता, रुग्णांच्या मुलाखतींवरचा गुणात्मक अभ्यास किंवा मोठ्या चाचणीपूर्वीची व्यवहार्यता तपासणी, हे लहान संख्येतही प्रामाणिकपणे करता येणारे अभ्यास आहेत. त्यांना कमी लेखण्याची आपल्याकडे जी सवय आहे ती मला पटत नाही.

उपचारांची अशी तुलना करणारी चाचणी कशासाठी करायची, हे समजण्यासाठी आपल्याच क्षेत्रातले एक उदाहरण पुरेसे आहे. पक्षाघातानंतर रुग्णाला जितक्या लवकर आणि जितके जास्त उठवावे तितके चांगले, असे आपल्यापैकी अनेक जण वर्षानुवर्षे मानत होते आणि त्यामागचा तर्कही बिनतोड वाटत होता. ऑस्ट्रेलियातील भौतिकोपचारतज्ज्ञ ज्युली बर्नहार्ट यांच्या नेतृत्वाखालील 'अव्हर्ट' या चाचणीने तो तपासला. पाच देशांतील ५६ पक्षाघात विभाग, २,१०४ रुग्ण, आणि २००६ ते २०१४ अशी आठ वर्षांची भरती. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा होता, की पहिल्या २४ तासांत अधिक लवकर आणि अधिक वेळा उठवलेल्या गटात तीन महिन्यांनी चांगल्या अवस्थेत असलेले रुग्ण ४६ टक्के होते, तर नेहमीची सेवा मिळालेल्या गटात ५० टक्के. म्हणजे जोराने केलेली घाई उपकारक नव्हती, उलट किंचित अपायकारक ठरली. नंतरच्या विश्लेषणात थोड्या वेळासाठी पण वारंवार उठवणे हे अधिक अनुकूल दिसले. संशोधनाचे नेतृत्व करणाऱ्या व्यक्तीने स्वतःच्या व्यवसायाच्या आवडत्या समजुतीविरुद्ध आलेला निकाल जसाच्या तसा मांडला, हे मला त्या आकड्यांइतकेच महत्त्वाचे वाटते. आपला निकाल असा उलटा आला तर तो लिहायची तयारी आहे का, हे आपणही स्वतःला विचारावे.

याच्याशी जोडलेली, आणि अनुभवी थेरपिस्टला सर्वांत जड जाणारी गोष्ट म्हणजे स्वतःच्या अनुभवावरचा विश्वास सैल करणे. संख्याशास्त्र शिकता येते. माझे गणित बेताचेच होते आणि तरीही निभावले. पण 'माझ्या हाताने रुग्ण बरे होतात' हे नऊ वर्षे पाहिलेल्या माणसाला, ते तसे असेलच असे नाही, हे मान्य करणे फार कठीण जाते. कंबरदुखीचा रुग्ण आपल्याकडे येतो तो बहुधा दुखणे टोकाला गेल्यावर. टोकाला गेलेली वेदना काहीही केले नाही तरी पुढच्या दोन आठवड्यांत सहसा उतरते, आणि त्या दोन आठवड्यांत आपण चार वेळा उपचार केलेले असतात. ज्यांना बरे वाटले नाही ते परत येत नाहीत, म्हणून आपल्या आठवणीत उरतात ते बरे झालेलेच. पक्षाघातात तर पहिल्या तीन महिन्यांत मेंदू स्वतःहूनही सावरत असतो. आपला उपचार निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. अर्थ एवढाच, की केवळ आधीचे आणि नंतरचे गुण शेजारी मांडून तो उपयोगी आहे असे म्हणता येत नाही. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मला रुग्णासमोर बसल्यावर अक्षरशः अवघडल्यासारखे व्हायचे, कारण प्रत्येक वाक्याआधी 'हे मला कसे माहीत' असा प्रश्न मनात येई. तो काळ सरतो. त्यानंतर रुग्णाशी बोलताना मी काय ठामपणे सांगते आणि काय अंदाजाने, याची सीमारेषा मला आधीपेक्षा स्पष्ट दिसू लागली. आपल्या तिसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे असलेले होकारार्थी उत्तर एवढेच आहे.

आपण स्वतःच्याच रुग्णांवर अभ्यास करणार असाल, तर एक अडचण आधीच ओळखून ठेवावी. जो आपल्यावर उपचार करतो, त्यानेच 'माझ्या अभ्यासात भाग घ्याल का' असे विचारले, तर रुग्ण नाही म्हणायला कचरतो. नैतिकता समिती हा मुद्दा हमखास काढते, आणि तो काढणे योग्यच आहे. संमती दुसऱ्या कोणी तरी घ्यावी, मोजमाप उपचार कोणता मिळाला हे माहीत नसलेल्या व्यक्तीने करावे. आपल्या उपचारांत थेरपिस्टपासून गट लपवणे जवळपास अशक्य असते. चाचण्यांची गुणवत्ता जोखणाऱ्या पेड्रो मापनाच्या दहा गुणांपैकी त्याबद्दलचा एक गुण आपल्या चाचण्यांना क्वचितच मिळतो. म्हणून मोजणाऱ्यापासून तरी तो लपवलाच पाहिजे. उपचारांची चाचणी असेल तर पहिला रुग्ण भरती होण्यापूर्वी तिची सार्वजनिक नोंदणी करावी. प्रमुख वैद्यकीय नियतकालिकांनी २००५ पासून ही अट घातली आहे, आणि मागाहून केलेल्या नोंदणीने काम भागत नाही. व्याख्याही आधीच लिहून ठेवाव्यात. 'पडणे' हा शब्द मला सरळ वाटला होता, पण खुर्चीत धप्पकन बसलेला रुग्ण पडला का, आणि मुलाने धरल्यामुळे जमिनीला न टेकलेला पडला का, यावर आम्ही दोन बैठका घालवल्या. रुग्णाच्या आठवणीवर विसंबता येत नाही म्हणून प्रत्येकाला महिन्याचे कॅलेंडर दिले आणि दर महिन्याला फोन केला. प्रबंधातला सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत विश्वासार्ह भाग तो फोनचाच.

मार्गदर्शकांची निवड विद्यापीठाच्या नावापेक्षा महत्त्वाची आहे. मोठे नाव असलेले पण तीन महिन्यांतून एकदा भेटणारे मार्गदर्शक अर्धवेळ विद्यार्थ्याला परवडत नाहीत. त्यांच्या आजी-माजी विद्यार्थ्यांशी एकट्याने बोलावे: मसुदा किती दिवसांत परत येतो, शोधनिबंधावर पहिले नाव कोणाचे लागते, गोळा केलेली माहिती कोणाच्या मालकीची असते, किती जणांनी मध्येच सोडले आणि का. शेवटच्या प्रश्नाला उत्तर देताना विद्यार्थी गप्प झाला, तर ते उत्तर समजावे. माझ्या एका विद्यार्थिनीचे पहिले मार्गदर्शक दुसऱ्या वर्षी संस्था सोडून गेले आणि त्यांच्यासोबत उपकरणही गेले. तिची दीड वर्षे त्यात गेली. म्हणून सहमार्गदर्शक असावाच, आणि संख्याशास्त्र जाणणारी व्यक्ती आराखड्यापासून सोबत असावी. माहिती गोळा झाल्यावर तिच्याकडे गेलात, तर ती फार तर चूक कुठे झाली तेवढे सांगू शकते.

रुग्णसेवा चालू ठेवून पीएचडी होते का? होते, पण पूर्ण रुग्णसेवा चालू ठेवून होत नाही. पूर्णवेळ पीएचडीला बहुतेक ठिकाणी तीन ते चार वर्षे धरतात. अर्धवेळ म्हणजे त्याच्या जवळपास दुप्पट. रोज रात्री दोन तास बसण्याचा बेत मी पहिले वर्षभर चालवला आणि त्यातून वाचनाखेरीज काही निघाले नाही, कारण दिवसभर रुग्णांना उठवून-बसवून थकलेल्या शरीराने विश्लेषण होत नाही. पुढे मी आठवड्यातले दोन सलग दिवस रुग्णसेवेतून काढून घेतले, उत्पन्न तेवढ्या प्रमाणात घटले, आणि काम पुढे सरकू लागले. हे दोन दिवस संस्थेकडून लेखी मिळवावेत; तोंडी मिळालेले दिवस पहिल्या रजेच्या हंगामात परत घेतले जातात. काही देशांत, उदाहरणार्थ नेदरलँड्समध्ये, पीएचडी करणारी व्यक्ती बहुधा विद्यापीठाची पगारी कर्मचारी असते. अन्यत्र शिष्यवृत्ती शोधावी लागते. स्वतःच्या बचतीवर पूर्ण पीएचडी करण्याचा सल्ला मी देणार नाही. वयाची चिंता मात्र सोडून द्यावी. रुग्ण पाहिलेल्या माणसाचा प्रश्न बहुधा अधिक टोकदार असतो, आणि मार्गदर्शकांनाही ते माहीत असते.

प्रबंध एकसंध ग्रंथ असावा की प्रकाशित शोधनिबंधांचा संग्रह, हे विद्यापीठाच्या नियमांवर आहे. पर्याय मिळाला तर थेरपिस्टांनी शोधनिबंधांचा मार्ग घ्यावा, कारण तीन टप्प्यांत काम बाहेर पडते आणि परीक्षणाची सवय लवकर लागते. पहिला निबंध पद्धतशीर आढाव्याचा, म्हणजे त्या प्रश्नावर आधी झालेले सगळे अभ्यास ठरलेल्या पद्धतीने शोधून तपासण्याचा, ठेवावा. त्याचा आराखडा आधी नोंदवून ठेवता येतो, आणि आपला प्रश्न कोणी आधीच सोडवला आहे का हेही त्यातच कळते. पैसे भरले की आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकांपासून दूर राहावे.

आपण पुढच्या महिन्यात अर्ज भरू नये, असे माझे मत आहे. आधी एखाद्या चालू चाचणीत वर्षभर मोजमाप करणारी व्यक्ती म्हणून काम करावे, आठवड्यातला एक दिवस पुरतो. त्यात भरती, संमती, गळती आणि नोंदी यांचे खरे स्वरूप दिसते, आणि हे काम आपल्याला आवडते का तेही कळते. त्या वर्षात एक वही जवळ ठेवून, रुग्णासमोर 'हे मला माहीत नाही' असे वाटले की तेवढीच नोंद करावी. वर्षाअखेरीस जी नोंद सर्वांत जास्त वेळा आली असेल, तिच्यावर एका पानाचे टिपण लिहावे: प्रश्न एका वाक्यात, आधी झालेले काम एका परिच्छेदात, रुग्ण कोठून आणि महिन्याला किती मिळतील याचा आकडा, आणि ते मोजण्याचे साधन. हे पान तीन संभाव्य मार्गदर्शकांना पाठवावे, सोबत लांबलचक परिचयपत्र नको. ज्यांच्याकडून भरतीच्या आकड्यावर शंका उपस्थित करणारे उत्तर येईल, त्यांना आधी भेटावे.